चार इंचांसाठी

माझे एक तरुण स्नेही व्यवसायाने यंत्रज्ञ आहेत आणि बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लहानसा पण नीटनेटका कारखाना आहे. त्यांनी गेल्या वर्षी चिक्कमगळूरच्या एका कॉफीमळेवाल्याच्या वारसांकडून फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ जातीची, चार दारांची आणि कापडी छपराची मोटार खरेदी केली, आणि आता त्या मोटारीचा तळ कापून तिची बॉडी चासीभोवती चार इंच खाली उतरवण्याचा त्यांचा दृढ निश्चय झाला आहे. या निश्चयाला माझा विरोध आहे हे कळताच त्यांनी मला सविस्तर पत्र लिहिले, आपली बाजू कलमवार मांडली, आणि शेवटी असे आव्हान दिले की, ‘काका, तुमचे म्हणणे तोंडी नको, लेखी द्या, पटले तर ग्राइंडर खाली ठेवीन.’ पत्र मोकळ्या मनाने लिहिलेले आहे, त्यातले युक्तिवाद पोकळ नाहीत, आणि अशा मताचे आणखी पुष्कळ तरुण या शहरात असल्यामुळे उत्तर खासगी न ठेवता मी ते चारचौघांपुढे मांडीत आहे.

ज्यांना या कारागिरीचा परिचय नाही त्यांच्यासाठी आधी मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या बहुतेक मोटारींना दोन स्वतंत्र अंगे असत : खाली पोलादी पन्हळींची आयताकार चासी, जिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, कमानी आणि चाके यांचा सारा भार, आणि वर त्या चासीवर बोल्टांनी आवळून बसवलेली बॉडी, म्हणजे दारे, बैठकी, काच आणि छप्पर. ‘चॅनलिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रियेत बॉडीचा तळ कडेकडेने कापून मोकळा करतात, उरलेले पत्र्याचे कवच चासीच्या दोन्ही पन्हळींना पोटात घेईल असे खाली सरकवतात, आणि कापलेला तळ पुन्हा, पण आता बॉडीच्या हिशेबाने तितकाच वर, वेल्डिंग करून बसवतात. बाहेरून पाहणाऱ्याला चासी दिसेनाशी होते आणि मोटार जमिनीला बिलगल्यासारखी भासते. छप्पर कापून बुटके करणे किंवा बॉडीच्या मधूनच आडवी पट्टी काढून टाकणे या क्रिया वेगळ्या. त्यांचा येथे प्रश्न नाही.

ही विद्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ज्या पोरांनी नावारूपाला आणली त्यांच्याविषयी माझ्या मनात अनादराचा लवलेशही नाही. म्युरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर, आणि ती जागा लष्कराकडे गेल्यानंतर एल मिराजवर, जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वेगाच्या शर्यती लावणारे ते तरुण, ज्यांच्या मंडळांनी १९३७ साली एकत्र येऊन आपली संघटना उभारली आणि १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठागराकडे मोर्चा वळवला, ते मोटार खाली उतरवीत ती वाऱ्याला कमी अडावी म्हणून. समोरून दिसणारे क्षेत्रफळ घटले की हवेचा विरोध घटतो, आणि त्याच इंजिनावर ताशी काही मैल अधिक पदरात पडतात. शिवाय त्यांच्यापाशी कच्च्या मालाचा दुष्काळ नव्हता. मॉडेल ए ही गाडी १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंतच्या थोड्या वर्षांत सुमारे ४८ लाख इतक्या प्रचंड संख्येने निघाली होती, आणि भंगाराच्या आवारात ती किरकोळ मोलाने पडून असे. हेतू उघड होता आणि साधन विपुल होते, म्हणून त्यांची करवत न्याय्य होती. माझ्या स्नेह्यांच्या बाबतीत या दोहोंपैकी एकही आधार उभा राहत नाही. तुमकूर रस्त्यावर किंवा कॉर्पोरेशनच्या चौकात वाऱ्याचा विरोध मोजण्याइतका वेग कोणालाच मिळत नाही. विपुलतेचा विचार पुढे येईल.

त्यांचा पहिला मुद्दा यंत्रशास्त्रीय आहे. बॉडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी वळणावर स्थिर राहते, असे ते म्हणतात. तत्त्व खरे आहे, पण मापाचा विचार केला की त्यातले बळ ओसरते. समजा, गाडीच्या एकूण वजनाच्या १०० भागांपैकी ३० भाग वजन बॉडीचे आहे. ती सगळी चार इंच उतरली तरी संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य सव्वा इंचापेक्षा कमीच उतरणार. त्यातही बसणारी माणसे उतरत नाहीतच. चासीच्या आडव्या पट्ट्या, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आपापल्या जागी असल्यामुळे नवा तळ होता त्याच उंचीवर राहतो. चार माणसे पूर्वीइतक्याच उंचीवर बसतात, आणि भोवतालचे कवच तेवढे त्यांच्या काखेपर्यंत खाली जाते. म्हणजे डोक्यावरची चार इंच जागा देऊन स्थैर्याचा जो नफा मिळवायचा त्याचा मोठा भाग जमेला पडण्यापूर्वीच खर्ची पडतो.

आणि मॉडेल ए च्या रचनेत अशी एक गोष्ट आहे की जिचा उल्लेख त्यांच्या पत्रात आला नाही याचे मला मनापासून आश्चर्य वाटते. या गाडीची पेट्रोलची टाकी मागे नाही. ती समोरच्या काचेखाली, बॉडीचाच एक अवयव म्हणून घडवलेली आहे, आणि तिच्यातले पेट्रोल कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उंचीच्या बळावर कार्ब्युरेटरकडे वाहत जाते. बॉडी चार इंच खाली घेतली की टाकीही चार इंच खाली आली, आणि ज्या उताराच्या भरवशावर नंदी टेकडीचा चढ ती गाडी चढत असे तो उतारच तेवढा आखडला. स्टेअरिंगच्या दांड्याचा वरचा आधारही त्याच टाकीच्या बुडाला पकडलेला असल्यामुळे तो दांडा खाली झुकणार; इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीची खालची कड गिअरबॉक्सच्या घंटेवर आदळणार म्हणून तिला कात्री लागणार; रेडिएटर आणि बॉनेट बॉडीच्या मानाने उंच पडणार म्हणून तेही छाटावे लागणार; आणि मडगार्ड व पायदान, जी चासीलाही धरून आहेत आणि बॉडीलाही, ती कोणाच्याच मापाला न जुळल्यामुळे एक तर फेकली जाणार किंवा चिरून पुन्हा जोडली जाणार. तळाला दिलेला एक छेद असा साऱ्या गाडीभर फिरतो. ‘फक्त चार इंच’ हा त्यांचा शब्दप्रयोग म्हणूनच मला मान्य नाही.

आता त्यांच्या सर्वांत समर्थ युक्तिवादाकडे वळतो, कारण त्याचा विचार करताना माझी स्वतःचीही दोन-तीन दिवस खरोखर कोंडी झाली होती. ते म्हणतात की मोटारीचे मूळ रूप पवित्र मानण्याची परंपरा आपल्या देशात कधीच नव्हती. संस्थानिकांनी रोल्स-रॉइसच्या नुसत्या चासी विकत घेऊन त्यांवर कोणी बार्करकडून, कोणी हूपरकडून मनाजोगत्या बॉडी चढवून घेतल्या. शिकारीसाठी एक, दरबारासाठी दुसरी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा याच गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या वायूचे बंब लटकवले गेले. पुढे कित्येक खानदानी मोटारींच्या मागच्या बैठकी काढून त्यांचे भाजीपाला वाहणारे छकडे झाले. एवढेच काय, आपल्या महाराष्ट्राची एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली तीदेखील बेडफर्डच्या चासीवर लाकडी बॉडी आणि कापडी छप्पर चढवूनच, आणि दापोडीच्या कार्यशाळेत चासीवर बॉडी बांधण्याचा उद्योग पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. मग मीच तेवढा चासी आणि बॉडी यांत फेरफार केला तर परंपरेचा भंग कसा, असा त्यांचा सवाल आहे.

दाखले सारे खरे आहेत. पण या प्रत्येक दाखल्यात चासी आणि बॉडी यांच्यामधला सांधा शाबूत राहिलेला आहे, इकडे माझ्या स्नेह्यांचे लक्ष गेलेले नाही. चासी घडवणारा लोहार एक आणि बॉडी घडवणारा सुतार-पत्रेकारागीर दुसरा, अशा दोन स्वतंत्र धंद्यांमध्ये झालेला करार म्हणजे ती बोल्टांची रांग होती. त्या कराराची मुख्य अट अशी की कोणीही, केव्हाही, पाने घेऊन बोल्ट सोडवावेत, सहा-आठ माणसांनी मिळून बॉडी उचलून बाजूला ठेवावी, आणि चासीला काहीही इजा न होता तिच्यावर दुसरी चढवावी. संस्थानिकाची शिकारी बॉडी उतरवून पुन्हा दरबारी बॉडी चढवता येई ती या अटीमुळे. कोळशाचा बंब युद्ध संपल्यावर काढून ठेवता आला तो या अटीमुळे. दापोडीला जुनी बॉडी उतरवून त्याच चासीवर नवी बांधता येते तीही याच अटीमुळे. आपल्याकडचा सगळा फेरफार, मग तो हौसेचा असो वा गरजेचा, या कराराच्या मर्यादेत झाला, आणि म्हणून तो परत फिरवता येण्याजोगा राहिला. चॅनलिंगमध्ये प्रथम बळी पडतो तो हा करार. बॉडीच्या बुडाच्या ज्या पट्ट्या चासीवर टेकतात, ज्यांत बोल्टांची भोके आहेत, त्याच कापल्या जातात, आणि वेल्डिंगच्या आगीने दोन अंगे अशी चिकटवली जातात की पुढच्या पिढीतल्या कोणालाही ती मूळ उंचीवर नेऊन ठेवता येत नाहीत. परंपरेचा आधार घेऊन परंपरेचाच सांधा कापायचा, हे मला कसे पटावे?

परत फिरवता येणे हा काही माझ्या एकट्याच्या मनाचा निकष नव्हे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या तुरीनच्या सनदेतही हेच तत्त्व आहे : वाहनाच्या कामकाजी आयुष्यानंतर केलेले बदल शक्य तो परत फिरवता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे भाग वाहनाबरोबरच जपून ठेवावेत. बदलाला त्या सनदेची मनाई नाही, आणि माझीही नाही. गाडीला रात्री दिसेल असा दिवा लावा, टाकी खाली-वर न करता तिला पंप जोडा, ब्रेक भरवशाचे करा; काढलेला भाग तेवढा तेल लावून फळीवर ठेवा.

त्यांचा पुढचा मुद्दा करुणेचा आहे. ही गाडी आपण घेतली नसती तर ती शिवाजीनगरच्या गुजरीत तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती. बॉडीच्या बुडाचा पत्रा तसाही गंजलेला आहे. मग मरणाऱ्याला नवा जन्म दिला तर त्यात पाप कोणते, असे त्यांनी विचारले आहे. गुजरीचे भय खोटे नाही. जे. सी. रोडवरून शिवाजीनगरपर्यंत फिरलेल्या माणसाला ठाऊक असते की एखादे जुने रेडिएटर किंवा दिव्यांची जोडी मूळ गाडीपेक्षा लवकर गिऱ्हाईक मिळवते. पण गंजाने खाल्लेला तळ बदलणे आणि तळाची जागा बदलणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत; पहिलीला डागडुजी म्हणतात आणि तिला माझा संपूर्ण पाठिंबा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तेव्हा, आणि पुढे जन्मभर, ज्या रुमालांच्या मागे ते गावोगाव वणवण फिरले त्यांतले कित्येक कागद वाळवीने पोखरलेले होते. वाळवी लागली आहे, उद्या नष्टच होणार, म्हणून त्या मोडी कागदाचा आज सुंदर पतंग करावा, असे कोणी म्हटले असते तर आपण त्याला कागदाचा तारणहार मानला नसता. गाडी वाचवल्याचे श्रेय माझ्या स्नेह्यांना आहेच. ते श्रेय कापण्याचा परवाना ठरत नाही, इतकेच मला म्हणायचे आहे.

येथे विपुलतेचा प्रश्न येतो. अमेरिकेत जी गाडी ४८ लाखांच्या हिशेबात निघाली तिच्यापैकी फार थोडा अंश समुद्र ओलांडून इकडे आला, आणि त्यातला फार थोडा अंश आज हयात आहे. आपल्या रस्त्यांवर पुढे ज्या गाड्यांनी राज्य केले त्या, म्हणजे फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी, तसेच अॅम्बॅसॅडर, यांना मुळी स्वतंत्र चासीच नाही. त्यांची बॉडी हीच त्यांची चासी, त्यामुळे त्यांच्यावर ही क्रिया करताच येत नाही. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड आणि महिंद्रांची जीप असे मोजके अपवाद वगळले तर चॅनलिंगच्या हौसेला भक्ष्य उरते ते नेमके सर्वांत जुन्या आणि सर्वांत विरळ गाड्यांचेच. कॅलिफोर्नियात एक गाडी कापली तर लाखातली एक कमी झाली. येथे एक कापली तर कदाचित साऱ्या जिल्ह्यातली शेवटची गेली.

‘गाडी माझी आहे’ हा मुद्दा त्यांनी सर्वांत शेवटी आणि काहीशा संकोचाने मांडला, हे त्यांच्या सुसंस्कृतपणाला साजेसेच आहे. मालकीहक्काचा दस्तऐवज त्यांच्या नावाचा आहे, यात वाद नाही. परंतु ज्या शहराचा मुलूख एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता तेथे राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना मालकी आणि वहिवाट यांतला भेद निराळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. वतनाचे उत्पन्न वतनदाराने खावे, मान मिरवावा, पण वतन मोडू नये, कारण ते आजोबांकडून आलेले आणि नातवाकडे जायचे. नव्वदी ओलांडलेली मोटार मला त्या जातीची वस्तू वाटते. ती त्यांच्या आधी निदान तीन पिढ्यांच्या हातांतून गेली आहे, आणि जपली तर त्यांच्यानंतरही तीन पिढ्यांच्या हातांतून जाईल.

कायद्याचा आधार मी मुख्य म्हणून घेत नाही, कारण जे केवळ दंडाच्या भीतीने वाचते ते फार दिवस वाचत नाही; तरी त्यांच्या पत्रात कायद्याला ‘सरकारी आडमुठेपणा’ म्हटले असल्यामुळे वस्तुस्थिती नोंदवणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणी दाखल्यातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ निःसंदिग्ध केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम काढून ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी सुरू केली; शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. पण तिची अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि त्याची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे ज्या दिवशी तळ कापला जाईल त्या दिवशी ही फोर्ड तिच्यासाठीच उघडलेल्या दप्तरातून बाद होईल, आणि विधानसौधासमोरून जुन्या मोटारींची मिरवणूक निघेल तेव्हा तिला कारखान्याच्या शटरमागे बसावे लागेल. या नियमाला आडमुठा म्हणण्यापूर्वी त्यातली समज पाहावी : चासी आणि बॉडी यांचे नाते हाच जुन्या मोटारीचा आत्मा आहे, हे सरकारी मसुदाकाराला उमगले आहे.

राहिला सौंदर्याचा प्रश्न. उतरवलेल्या फोर्डच्या लांबसडक, जमिनीलगतच्या रेषेत एक प्रकारची ओढ आहे, हे मी नाकारीत नाही. चित्रे पाहून मीही थबकलो आहे. पण मॉडेल ए उभट आहे ती कोणाच्या अडाणीपणामुळे नव्हे. ती चिखलाच्या आणि चाकोऱ्यांच्या रस्त्यांसाठी योजलेली होती; तिच्या पायदानावर पाय ठेवून नऊवारी नेसलेली बाई सहज चढे, आणि डोक्यावरचा म्हैसुरी पेटा न उतरवता गृहस्थ ताठ बसून प्रवास करी. १९३२ च्या फोर्डमध्ये तर दारांखाली दिसणाऱ्या चासीच्या पन्हळीवर मुद्दाम एक नक्षीदार रेघ उठवलेली होती, कारण चासी दिसणे हाही त्या रूपाचाच भाग होता. जे झाकायचे ते कुरूप होते असे गृहीत धरूनच चॅनलिंगचे सौंदर्य सुरू होते, आणि ते गृहीतच मला मान्य नाही.

मग या तरुण हातांनी करायचे काय? त्यांनी निर्माण करावे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ब्रुकव्हिल येथे जुन्या फोर्डच्या पूर्ण पोलादी बॉडी आजही नव्याने घडवून मिळतात, आणि तिकडचे कित्येक हौशी त्या नव्या पत्र्यावर वाटेल ती काटछाट करतात. बंगळुरूला तर यासाठी ओहायोकडे पाहण्याचेही कारण नाही. सर विश्वेश्वरय्यांनी १९३५ साली युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून मोटारनिर्मितीची जी योजना आखली ती परकीय सरकारच्या विरोधामुळे या भूमीत रुजली नाही. पण सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभा केला, आणि युद्धानंतर त्याच कारखान्यात रेल्वेचे डबे बनू लागले. ज्या शहरात विमानाच्या पत्र्याला वळण देण्याची विद्या ऐंशी वर्षांहून अधिक काळ नांदते आहे, तेथे मॉडेल ए ची एक बॉडी कोऱ्या पत्र्यातून घडवणारे मिस्त्री मिळणार नाहीत, हे मी मानणार नाही. नवी चासी घ्यावी, नवी बॉडी घडवावी, ती चार नव्हे सहा इंच उतरवावी. ते काम पाहायला मी स्वतः पीण्याला येईन, आणि जुन्या मोटारीचे माप घेताना फीत धरून उभा राहीन.

गेल्या रविवारी त्यांनी मला ती गाडी दाखवली. पुढच्या बैठकीजवळ पायाखालच्या लाकडी फळ्या उचलल्या तेव्हा त्यांतल्या एकीच्या पोटाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा चपट्या खिळ्यांनी ठोकलेला आढळला. फळी कुजू लागली असताना घाटातल्या कोणा अनाम मिस्त्रीने केलेली ती डागडुजी होती. खिळे एका ओळीत, समान अंतरावर, कडा आत दुमडून हातोडीने मऊ केलेल्या, कोणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. स्नेही बराच वेळ विजेरी धरून ओणवे बसले होते. फळीखाली चासीच्या पन्हळीवर बॉडी आवळणारा बोल्ट दिसत होता, आणि तो अद्याप कोणी सोडवलेला नव्हता.